आडनावाचा रकाना

३ सप्टेंबर, बुधवार

तिसऱ्या बँकेनंही नाही म्हटलं!

साधनाचा फोन दुपारी आला. वाचनालयात पेपर वाचणारे चार म्हातारे बसलेले होते, म्हणून कपाटांच्या मागं जाऊन बोलले. तिकडं तेव्हा सकाळ. पोरीचा आवाज बसलेला. जर्मनीत जाऊन तिला आज चौतीस दिवस झाले. वृद्धाश्रमातलं काम जमतंय, म्हातारी माणसं तिलाच हाक मारतात, भाषा अडत नाही. अडलंय ते एका रकान्यावर. बँकेच्या अर्जात एक रकाना नावाचा, एक आडनावाचा. आडनावाचा कोरा ठेवला की तो लाल होतो आणि अर्ज पुढं सरकत नाही. दोन्हीकडं ‘साधना’ लिहिलं तर पासपोर्टशी जुळत नाही म्हणून परत. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे.

कोरी कोणी ठेवली? मी!

वृद्धाश्रमाच्या कचेरीनं तिला सांगून टाकलंय — सव्वीस तारखेच्या आत खाते क्रमांक द्या. पगार हातात देता येत नाही, खोलीचं भाडंही खात्यातूनच घेतात. सव्वीसपर्यंत झालं नाही तर करार थांबवू, परत जा.

तीन वर्षं पोरगी ती भाषा शिकली. पुण्यात एका खोलीत सहाजणी राहून शिकली. आता एका रकान्यासाठी परत येणार?

४ सप्टेंबर

वाचनालय आज मी अर्धा तास उशिरा उघडलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सेनगावला जाऊन आले. महेबूबभाईंच्या दुकानात. तालुक्यातले निम्मे ऑनलाइन अर्ज त्यांच्याच हातून जातात, साधनाचा पासपोर्टचाही त्यांनीच भरला होता. दुकानात पाय ठेवला आणि तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं होतं, “ताई, आडनाव काय टाकू?” मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, बाहेर तकलीफ होईल, काहीतरी टाका, गावाचं टाका. आणि मी काय केलं? भाषण केलं! आडनाव सांगितलं की समोरचा जात ओळखतो, नवरा ओळखतो, बाप ओळखतो, फक्त बाई ओळखत नाही — असलं सगळं. झेरॉक्सला आलेले लोक हातात कागद धरून ऐकत उभे राहिले. एकानं टाळ्याही वाजवल्या. महेबूबभाईंनी निमूटपणे रकाना कोरा सोडला.

आज त्यांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. चहा मागवला. म्हणाले, “चूक माझीबी हाय ताई. मी तवा जोर लावायला पाह्यजे होता.”

तुमची कशी चूक, भाई? तुम्ही जोर लावला असता तर मी आणखी मोठ्यानं बोलले असते.

त्यांनी शोधून सांगितलं ते असं: पासपोर्टवर आडनाव चढवायचं तर पुरावा पाहिजे. साधनाच्या कुठल्याच कागदावर आडनाव नाही. शाळेचा दाखला — साधना. आधार — साधना. जन्माच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढं मीच रेघ मारायला लावली होती. “वकिलाला इच्यारा,” म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार

साधनानं आज पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला.

मी तिला धीर देत होते, म्हणजे बोलत होते. जगात कुठंही बाईला एकट्या नावानं उभं राहता आलं पाहिजे, आपण त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहू, असं काहीतरी. ती मध्येच म्हणाली, “आई, तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेवायची होतीस. माझ्या पासपोर्टवर कशाला?”

मागं कुणीतरी म्हातारी तिला हाक मारत होती, ते ऐकू येत होतं.

ती म्हणाली, आता मी फोन करणार नाही, काही झालं की करीन.

मी एवढ्या सभा केल्या. जत्रेत केल्या, बाजारात केल्या, दारूच्या दुकानासमोर केल्या, अंगावर दगड आले तरी माईक सोडला नाही. आज पोरीच्या एका वाक्यावर नुसता फोन धरून बसले.

८ सप्टेंबर

बरोबर बोलली ती. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच नाही म्हणता येणार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

हिंगोली. वकिलाकडं दोन तास बाकावर.

वकील तरुण आहे, सरळ आहे. म्हणाला, साधनाला नवं कोरं आडनाव घ्यायचं असेल तर तिनं स्वतः इथं यावं लागेल आणि महिने लागतील. माझं माहेरचं लावता येईल का, विचारलं. माझा शाळेचा दाखला पाहिजे म्हणाला. तो मी नरसीच्या मेळाव्यात व्यासपीठावर फाडला होता. सगळ्यांसमोर! भाईंनी पुरावा म्हटल्यावर शनिवारीच, दुसरा मिळेल म्हणून, मी शिकले त्या नरसीच्या शाळेत विचारून आले होते, तर जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय.

मग तो म्हणाला, “वडील हयात आहेत का?”

हो म्हटलं.

“मग सोपं आहे मॅडम. त्यांनी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं की ही माझी मुलगी आणि हे आमचं आडनाव. पेपरात जाहीर सूचना द्यायची, कात्रण जोडायचं. एवढे कागद दाखवले तर तिकडची बँक खातं उघडते आणि पासपोर्ट दुरुस्त होईपर्यंत थांबते. तुम्ही दाखवलेल्या त्यांच्या मेलमध्ये तसं लिहिलंय.”

सोपं आहे म्हणे.

११ सप्टेंबर, गुरुवार

नाही जाणार. मरेन पण त्या दारात जाणार नाही.

साखरा गावातल्या सासरच्या त्या घरातून मी बाहेर पडले तेव्हा साधना सात महिन्यांची होती. संतरामनं दुसरी बायको आणली, कारण मला मुलगी झाली. घटस्फोट नाही, काही नाही. सासू म्हणाली, दोघी राहा, आमच्यात चालतं. मी लेकरू घेतलं, दोन लुगडी घेतली आणि एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं कुठं, तर सांगता येईना. त्या दिवशी ठरवलं — नवऱ्याचं लावायचं नाही, बापाचंही लावायचं नाही. बापानंच तर ‘नांदायला जा’ म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. संतरामचं आडनाव मी या वहीतही कधी लिहिलं नाही. आजही लिहीत नाही.

भाषणात मी त्याचं नाव घेत नाही. ‘एका गावातला एक माणूस’ म्हणते. पण गावोगावच्या बायका माना डोलावतात. सगळ्यांना ठाऊक आहे.

१२ सप्टेंबर

साधनाला निरोप पाठवला: कागदांचं करते, थांब.

उत्तर: “बरं.”

एवढंच. ‘बरं’.

१३ सप्टेंबर, शनिवार

गेले.

महेबूबभाई मोटारसायकलवर घेऊन गेले आणि गावाच्या पारापाशी थांबले. पुढं एकटीच चालत. घर आता पत्र्याचं नाही, स्लॅबचं आहे. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीनच्या भिजलेल्या शेंगा पसरलेल्या. संतराम ओट्यावर बसला होता. केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला त्याला क्षणभर लागलं आणि मग तो हसला.

“या, पद्माताई. आज सभा इथं हाय का?”

मी काय काय ठरवून गेले होते. तोंडातून निघालं फक्त, “साधनासाठी आले.” मग सगळं सांगितलं. जर्मनी, बँक, रकाना, सव्वीस तारीख. तो मन लावून ऐकत होता, हे मला अपेक्षित नव्हतं. मध्येच विचारलं, म्हाताऱ्यांचं करती का पोरगी? पगार बराबर देतात का? मी म्हटलं, देतील, खातं असलं तर.

मग त्यानं त्याचं गाऱ्हाणं काढलं. थोरल्या पोराचं, रुद्रचं, लग्न जमेना. एकविसावं सरलं, दहावी झाल्यापासून शेत करतो, व्यसन नाही. सहा ठिकाणची पाहुणे मंडळी येऊन गेली. पोहे खातात, शेत बघतात आणि गाडीत बसताना कुणीतरी विचारतं, ती भाषणवाली बाई याच घरातली न्हाई का? की संपलं.

“बावीस वर्षं तू भाषणात माझं नाव घेतलं न्हाई,” तो म्हणाला, “तरी समद्या तालुक्याला कळलं. आता कागदावर घे.”

मला आधी समजलंच नाही. मग त्यानं नीट सांगितलं. पोरीच्या कागदावर तो सही देईल, हिंगोलीला स्वतः येईल, वकिलाचंही तोच देईल. पण माझ्या कागदावरही त्याचं आडनाव लागलं पाहिजे. पद्मा, संतरामची पत्नी, आडनाव अमुक, यापुढं याच नावानं ओळखावं. आणि ते पेपरात आलं पाहिजे. पाहुण्यांना दाखवायला.

मी उठले. तोही उठला. रागावला नव्हता तो! तेच वाईट. रागावला असता तर मला बोलता आलं असतं.

फाटकापर्यंत शकुंतला आली. हीच ती दुसरी. चेहरा रापलेला, हातात चहाचा कप. मी घेतला नाही, तर तिनं तो भिंतीवर ठेवला. म्हणाली, “अक्का, गेल्या साली नरसीला तुमी बोलल्या, तवा मी मागं बसून आयकलं. ह्यांला ठावं न्हाई.” मग थोडं थांबून, “रुद्र माझं लेकरू हाय. त्याचं लगीन मला नको का? तरी सांगती. नका लिहू.”

परत घरी, पुसेगावला उतरल्यावर महेबूबभाई फक्त म्हणाले, पाणी प्या.

१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर माझीच जुनी भाषणं माझ्याशी भांडतात.

एक बाई मला लोहगावच्या सभेनंतर भेटली होती, सासरच्यांनी टाकलेली. म्हणाली होती, ताई, तुमच्याकडं बघून मी रेशनकार्डावर एकटीचं नाव लावलं. तिला काय सांगू? अशा किती आहेत, मला माहीतही नाही.

आणि दुसरीकडं एक पोरगी. जी मला काही विचारून जन्मली नाही, जिचं नाव मी माझ्या रागातून ठेवलं. त्याला मी आजवर तत्त्व म्हणत आले. तत्त्वच होतं ते. पण रागही होता, हे आज इथं लिहायला हरकत नाही.

तिला विचारायचं का? विचारलं तर ती नको म्हणेल किंवा हो म्हणेल. दोन्ही मला सोसणार नाही. शिवाय हो म्हणण्याचं ओझं तिच्यावर कशाला? आधीच माझं एक वाहतेय.

१५ सप्टेंबर

फोन केला. उचलला नाही. मग निरोप: “कामावर आहे.”

अकरा दिवस राहिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वकिलाला फोन करून विचारलं, पुढं कधी माझं नाव पुन्हा एकटं करता येईल का? म्हणाला, येईल मॅडम, पण पुन्हा हेच सगळं. शपथ, सूचना, फेऱ्या. आणि लोक विचारणार.

लोक तर विचारणारच!

महेबूबभाईंकडून साखऱ्याला निरोप धाडला. गुरुवारी हिंगोलीला यावं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्रामाचा झेंडा. दरवर्षीप्रमाणे पुसेगावच्या शाळेत माझं भाषण. सकाळी वाटलं, आजारी आहे म्हणून कळवावं. मग गेले.

निजामाच्या काळात या भागातल्या बायकांनी भाकरीच्या टोपल्यातून निरोप नेले, त्यांच्याबद्दल बोलले. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको म्हणून त्या उरल्या, असं म्हटलं. मैदान इतकं शांत झालं की झेंड्याच्या दोरीचा आवाज येत होता. मग टाळ्या. मुख्याध्यापकांचे डोळे भरलेले. सरपंच म्हणाले, ताई, आजच्यासारखं कधी झालं नाही.

खरंच झालं नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण आज झालं, आणि उद्या सकाळी साडेनऊच्या एसटीनं मी हिंगोलीला जाणार आहे.



१८ सप्टेंबर, गुरुवार

झालं.

संतराम धुतलेले कपडे घालून आला होता, सोबत रुद्र. पोरगा उंच आहे, डोळे साधनासारखे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं! माझ्या पाया पडला. म्हणाला, “मोठी आई, तुमाला तरास झाला.” मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. याच्यावर कसा राग धरायचा?

वकिलानं वाचून दाखवलं. मी, पद्मा, वय एकावन्न, शपथेवर लिहून देते की. पुढचं ऐकलं नाही. पंख्याच्या आवाजाकडं लक्ष लावलं. सही कशी करायची, विचारलं. नव्या नावानं, म्हणाला. नवं!

बावीस वर्षांत ते आडनाव माझ्या हातानं लिहिलेलं नव्हतं. वाटलं होतं, हात अडेल. नाही अडला. सरसर आलं, जोडाक्षरासकट. लग्नात उखाण्याआधी पाटावर बसवून सासऱ्यानं गिरवून घेतलं होतं, ते बोटांनी जपून ठेवलेलं. मी इतकी पुस्तकं वाचली, इतकी बोलले, आणि माझ्या बोटांना काहीच कळलं नव्हतं.

संतरामनं पोरीच्या कागदावर दोन ठिकाणी सह्या केल्या. जाताना म्हणाला, “पोरीला म्हणावं, बापानं दिलं.”

मी कागद घडी करून पिशवीत ठेवले.

२० सप्टेंबर, शनिवार

वाचनालयात पुस्तक घ्यायला आलेल्या बाईनं पावतीवर सही मागितली. मी नुसतं ‘पद्मा’ लिहिलं. मग वाटलं, हे आता खोटं झालं का?

जाहीर सूचना बुधवारी छापून येईल. कात्रण लावल्याशिवाय कागद पाठवायचे नाहीत, वकिलानं बजावलंय.

साधनाचा फोन नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. शेजारच्या पार्वतीबाईंनी बोलावलं, गेले नाही. महिला मंडळाच्या मुली आल्या होत्या, अष्टमीच्या दिवशी व्याख्यान ठेवायचंय. विषय त्यांनीच काढला — ‘माझं नाव, माझी ओळख’. कळवते म्हटलं.

साधनाला लिहिलं: कागद होत आले. दोन दिवस धीर धर. जेवतेस ना?

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

ती परत आली तर कशी येईल, कुठल्या तोंडानं गावात उतरेल, हेच डोळ्यांपुढं. परवा तिच्या वर्गातली समरीन भेटली, म्हणाली, साधनामुळं आमच्या घरी मलाबी नर्सिंगला घातलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आलं छापून. पान सहा, खाली डावीकडं, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या आणि विहिरीच्या वाटणीच्या सूचनांच्या मधोमध. पाच ओळी. पेपर वाचनालयात येतोच. मी लावण्याआधी पान काढून ठेवणार होते. मग नाही काढलं. चोरी कशाला? लोकांचा पेपर आहे.

पद्माबाई, असं म्हणत रोजच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुढं काही न बोलता क्रीडापान उघडलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं होतं.

संतरामनं स्टँडवरून दहा पेपर घेतले म्हणे. महेबूबभाई सांगत होते.

आणि महिला मंडळाचा निरोप: व्याख्यानाचं पुढं कधीतरी बघू, ताई.

२५ सप्टेंबर

कात्रण जोडलं. महेबूबभाईंनी सगळे कागद स्कॅन करून देईपर्यंत रात्र झाली, तिकडची बँकही बंद. उद्या सव्वीस. सकाळी तिला पाठवणार, म्हणजे ती बँक उघडायच्या आत जाऊन उभी राहील. देवाला मी मानत नाही. आज कुणाला तरी मानावंसं वाटतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाठवायच्या आधीच तिचा फोन आला.

खातं झालं! काल. गावातल्या एका छोट्या बँकेत. काउंटरवर वयस्क बाई होती. तिनं विचारलं, आडनाव का नाही? साधना म्हणाली, “मग मी सांगितलं, आई. पंधरा मिनिटं. मागं रांग लागली तरी थांबले नाही. तू जे बोलतेस तेच, जर्मनमध्ये.” त्या बाईनं वरच्या कचेरीला फोन लावला आणि मग आडनावाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. कोरं चालत नाही, रेघ चालते.

ती रडत होती, हसत होती. त्या दिवशी तसं बोलले ते विसर, म्हणाली. मला दुसरं कुठलंही नाव नको.

मग विचारलं, “तू कसले कागद करत होतीस गं?”

काही नाही म्हटलं.

आमच्या दोघींत आडनाव आता फक्त मला आहे.